आठ गाणी दुसऱ्यांची

मी फार बोलणारा माणूस नाही. पेटी वाजवणाऱ्याला बोलावं लागतही नाही. गाणारी पुढे उभी असते, लोक तिच्याकडे पाहतात, आपण खाली मान घालून भाता हलवत बसायचं. नागभीडच्या एका लोकगायिकेच्या डाव्या हाताला मी असा कित्येक वर्षं बसलो. वयाने ती माझ्याहून बरीच लहान, पण मी तिला बाई म्हणतो आणि ती मला भाऊ. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, नाटकं होतात. त्या दिवसांत आम्ही आठवडा-आठवडा घरी नसायचो. गाणं तिचं, चाल माझी. निदान मी तसं धरून चाललो होतो.

हे लिहितो आहे ते बाईने काढलेल्या एका अल्बमबद्दल, आणि त्या वेळी मी काय केलं त्याबद्दल. माझ्या बायकोलासुद्धा ते बरेच दिवस माहीत नव्हतं.

बाईने विषय काढला तेव्हा ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

"भाऊ, अल्बम करावा म्हणते. नऊ गाणी."

"करू ना. चाली पडूनच आहेत माझ्याजवळ."

"चाली नाई लागणार जी." ती मिरच्या पसरवतच बोलली. "आठ गाणी दुसऱ्यांची घेईन म्हणते. बायांची. धानाच्या रोवण्यात गातात ते, पाळण्याचं, मोह वेचतानाचं. जशी आहेत तशी. चाल हलवायची नाई, शब्द हलवायचा नाई. अन् एक आपलं, नदीवरचं."

"आपली एवढी गाणी असताना?"

"आपली गाऊन गाऊन मलेच कंटाळा आला, भाऊ. अन् त्या बायांचं कोण ऐकते?"

चाल हलवायची नाही. ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. तिच्या प्रत्येक गाण्यामागे मी रात्रंदिवस बसलेलो, कुठला सूर कुठे वळवायचा यासाठी जेवण विसरलेलो, आणि आता ही म्हणते चाल नको. नदीवरचं गाणं तेवढं माझ्या चालीचं. मला ते तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटलं. मी "बरं" म्हणालो. माझं सगळं "बरं"मध्येच निघून जातं, ही माझी जुनी खोड.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग काय झालं? तिची मर्जी."

"मर्जी नाई. काहीतरी आहे याच्यात."

"तुमच्या डोक्यात भुंगा शिरला का एकदा, की झालं."

भुंगा शिरला होता खरा. मी आमच्या भागातले कलावंत पाहिले आहेत. एखाद्या म्हातारीच्या तोंडचं गाणं उचलायचं, खाली 'पारंपरिक' लिहायचं आणि आयुष्यभर त्यावर बसून खायचं. ही त्यातली नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो, आणि एकदा नजर तशी झाली की माणसाने काहीही केलं तरी ते त्यात बसतं. तालमीच्या मध्येच तिचा फोन वाजायचा. ती उठून घरामागच्या कडुनिंबाखाली जायची आणि बराच वेळ बोलायची. कधी मोडकंतोडकं तेलुगू कानावर यायचं, मध्येच हसू. मी मागच्या दारात आलो की फोन कानापासून खाली.

"कोण होतं, बाई?"

"होतं एक माणूस. सिरोंच्याचं."

माणूस. म्हणजे गोदावरीपलीकडची तेलुगू कॅसेटवाली कंपनी असेल, मी मनात म्हटलं. आता कॅसेटी राहिल्या नाहीत, पण कंपन्या असतातच. सौदा झाला असेल. कदाचित पेटीऐवजी कीबोर्डवालाही ठरला असेल. एक दिवस ती म्हणेल, भाऊ, तुमचं वय झालं. मी त्या दिवसाचं उत्तरसुद्धा तयार करून ठेवलं होतं.

रेकॉर्डिंग चंद्रपूरला, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत. खिडक्यांना आतून गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, चंद्रपूरचं ऊन वरून. रेकॉर्डिस्ट बरा माणूस होता, हसरा.

"हा तर कव्हर अल्बम झाला, बाई," तो म्हणाला.

"कव्हर म्हणजे?"

"दुसऱ्यानं गायलेलं गाणं आपण गायचं, त्याले कव्हर म्हणतात."

"मंग आमच्याकडं सारंच कव्हर आहे. मायनं तिच्या मायचं गायलं, मी मायचं गाते."

तो हसला. मी हसलो नाही. मला वाटलं, उत्तर तयार करून आली आहे.

प्रत्येक गाण्याआधी ती, ज्या बाईकडून ते गाणं घेतलं तिचं नाव, तिचं गाव सांगायची, मग गायची. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "हे बोलणं नंतर कापू ना?"

"ते कापशील तर गाणं बी कापून टाक, बाबा."

हेही मला नाटकच वाटलं. लोकांना दाखवायला. जिवतीच्या डोंगरात मराठवाड्यातून येऊन वसलेल्या बायांचं एक पाळण्याचं गाणं होतं. त्याच्या वेळी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, याच्यात वाजवू नका. नुसता सूर धरा." अख्खं गाणं मी एक काळी पट्टी दाबून बसलो. घाम कोपरावरून पट्ट्यांवर ठिबकत होता. गाणं छान झालं, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि ते माझ्याशिवाय छान झालं, हे जास्त कळत होतं.

सगळी गाणी झाली, एक उरलं. धानोऱ्याच्या पुढे जंगलात एक गोंड गाव आहे. तिथे आमचा कार्यक्रम झाला होता, आणि कार्यक्रम संपल्यावर गावातल्या बायांनी परतफेड म्हणून मोह वेचण्याचं एक गाणं म्हटलं होतं. गोंडीतलं. मला त्यातलं अर्धंच कळलं. एक बाई मोहाच्या झाडाला सांगते, मी माझ्या वाट्याचं उचलते आहे, बाकीचं कोणासाठी ठेवते ते मला विचारू नको. बाई तेव्हा ऐकताना डोळे मिटून बसली होती. तेच तिला अल्बममध्ये हवं होतं. त्या बायांना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्ही कोण देणार, सभेला विचारा.

त्या गावात तसंच आहे. जंगलातलं काहीही बाहेर जायचं तर ग्रामसभा बसते. तेंदूपान कोणाला द्यायचं, बांबू किती तोडायचा, तळ्यातली मासोळी कधी काढायची, सगळं गोटुलच्या, म्हणजे गावाच्या बैठकीच्या छपराखाली बसून ठरतं. हात वर करून मोजणी नाही. सगळ्यांचं हो झालं तरच हो. एकाची जरी 'ना' असली तरी विषय थांबतो, मग तो कोणीही असो, आणि त्याला कारण सांगायची सक्ती नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सभेला वेळ होता. बाई बायांबरोबर आत गेली. मी पेटी जीपमध्ये ठेवून झाडाखाली बसलो. तिथे एक म्हातारा बांबूच्या कमच्या काढत बसला होता. काटक, पांढऱ्या भुवया, सुरी चालवताना बोटाकडे न बघणारा.

"जोहार, भाऊ. तुमी पेटीवाले ना?"

"हो जी. जोहार."

"बाई चांगली गाते."

"गाते."

त्याने एक कमची लांब सोलली, वाकवून पाहिली. "तिले आमचं गाणं काऊन पाहिजे? तिच्याजवळ नाईत का?"

साधा प्रश्न होता. मी म्हणू शकलो असतो की तिलाच विचारा. म्हणू शकलो असतो की तिला ते आवडलं. मी म्हणालो, "अल्बम निघाला की गाणं तिच्या नावानं होते. मंग उद्या तुमच्या बायांनी लग्नात म्हटलं, तर तिले विचारा लागंल."

त्याची सुरी थांबली. "असं असते?"

"शहरात असंच असते, जी."

"तुमी तर तिच्याच संगं आहा. अन् मले सांगून राह्यले?"

"म्हणूनच सांगतो," मी म्हणालो.

बाकी सगळं मी स्वतःला समजावून सांगू शकतो. शंका होती, राग होता, मान दुखावला होता. पण ते 'म्हणूनच सांगतो' मला समजावता येत नाही. ते इतक्या सहज, इतक्या भल्या माणसाच्या आवाजात निघालं, की मी उपकार केल्यासारखा तो म्हातारा माझ्याकडे पाहायला लागला. आणि मी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. खरं की खोटं, मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. मला ते तेव्हा खरं असावंसं वाटत होतं, एवढंच.

सभा बसली. गायता, म्हणजे गावच्या देवाचं करणारा माणूस, मध्ये. एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष. आधी बांबूचं बोलणं झालं, मग कोणाच्या बैलाने कोणाच्या धानात तोंड घातलं त्याचं. मग गाण्याचं. बाईने हात जोडून सांगितलं, गाणं जसं आहे तसं गाईन, आधी गावाचं नाव घेईन, नंतर येऊन तुम्हाला ऐकवीन, नाही पटलं तर काढून टाकीन. मी मागे भिंतीला टेकून म्हाताऱ्याच्या पाठीकडे पाहत होतो.

तो उठला. "बांबूचा ट्रक निघते तर आपण टीपी देतो. कोणाचा, कुठून, कुठी चालला. गाण्याले टीपी कोण देईल?"

टीपी म्हणजे वाहतुकीचा परवाना. सगळे हसले.

"बाईच्या कपाळावर शिक्का मार!" मागून कोणीतरी ओरडलं. बाईपण हसली.

पण म्हातारा हसला नाही. एक अधेड बाई उठली. "पान तोडलं तर झाड रिकामं होते गा. गाणं दिलं तर आपल्याकडं राह्यतेच ना. गाऊन सरते का?"

"बांबू बी आधी आपल्याकडंच होता," म्हातारा म्हणाला. "मंग ठेकेदाराचा कागद झाला. मंग आपल्याच बांबूची टोपली केली तर आपण चोर. तू लहान होती तवा. मी पाह्यलं आहे."

यावर मात्र कोणी हसलं नाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी ते पाहिलेलंच होतं. मला वाटलं होतं की मी एका भोळ्या माणसाच्या कानात काडी टाकली. भोळा नव्हता तो. त्याची भीती खरी होती, आणि मी माझी खोटी गोष्ट नेमकी त्या खऱ्या जागी नेऊन ठेवली होती.

दुपार कलली. बाया गोंडीतून त्याच्याशी भांडल्या. तो खाली बसून मातीकडे पाहत राहिला. शेवटी गायत्याने विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "माझी ना आहे."

"कोणी काही सांगतलं का तुले?"

मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होतो.

"मलेच वाटलं," म्हातारा म्हणाला.

त्याने माझं नाव घेतलं नाही. पाहुण्याचं नाव सभेत कसं घ्यायचं, असं त्याला वाटलं असेल. बाईने उठून नमस्कार केला, "ठीक आहे जी, तुमचंच आहे," म्हणाली आणि बायांबरोबर जेवायला बसली. मला भूक नाही असं मी सांगितलं. परतीच्या वाटेवर आरमोरीला पोचलो. तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. मी असती तर मी बी ना म्हटलं असतं." मी खिडकीबाहेर पाहत "बरं" म्हणालो.

अल्बम आठ गाण्यांचा निघाला. सात दुसऱ्यांची, एक आमचं. यूट्यूबवर चढला, मोबाईलमोबाईलवर गेला. पण त्याच्या आधी दुसरीच गोष्ट गेली होती. 'अमक्या गावानं बाईले गाणं नाई दिलं.' का नाही दिलं? 'ती आपल्या नावानं करून घेते म्हणे.' मी एका कानात सांगितलेलं तेंदूपान मोजायच्या फळीवर, बाजारात, लग्नात फिरलं आणि वाढलं. कोणी म्हणे बाईने नागपुरात बंगला घेतला. कोणी म्हणे जिवतीच्या बाया पोलिसांत जाणार आहेत. त्या बाया तर ते गाणं पोरांना मोबाईलवर लावून झोपवत होत्या, पण हे सांगत फिरायला कोणाला वेळ?

मी ऐकत होतो. सुरुवातीला, खरं लिहायचं तर, थोडं बरंही वाटत होतं. पाहा, मलाच नव्हे, सगळ्यांनाच शंका आहे. आपण पेरलेलं उगवलं की ते आपल्यालाच पुरावा वाटतं.

मग एकदा ब्रह्मपुरीच्या बाजूला कार्यक्रमाला निघालो होतो. बाई जीप थांबवून रस्त्याकडेच्या दुकानात पाणी आणायला उतरली आणि सीटवर तिचा फोन वाजला. सिरोंच्याचा नंबर होता, पडद्यावर नुसतं 'सिरोंचा' असं. मी उचलला. आज कळू दे एकदाचं, म्हटलं. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून एका म्हातारीने गायलाच सुरुवात केली. तेलुगू. अल्बममधलंच, पण आमचं नव्हे, गोदावरीत जाळं टाकतानाचं गाणं. एक ओळ गायली, थांबली, पुन्हा तीच ओळ गायली, सावकाश, लहान मुलाला शिकवावी तशी. एका जागी बाईने सूर थोडा वर नेला होता. म्हातारी तो खाली आणून दाखवत होती. पुन्हा. पुन्हा. मग काहीतरी विचारलं, शेवटी 'अम्मा' म्हणाली आणि उत्तराची वाट पाहत राहिली. मागे कोंबडी ओरडत होती.

फोन माझ्या कानालाच होता. बाई आली, माझ्या हातात फोन पाहिला, घेतला, बोलली, हसली.

"काय म्हणे?" मी विचारलं.

"म्हणे अजून चुकीचं गाते तू. अल्बम निघून गेला, पण बुढी सोडत नाई." मग म्हणाली, "जिवतीवाल्या बी असंच करतात. तालमीच्या वेळी तर फोन करू करू त्रास देत होत्या, आठवते ना? मी मागं जाऊन गात बसो. तुमच्यासमोर शरम वाटे, तुमी सूर धरून बसलेले अन् मी चुकून राह्यली."

कडुनिंबाखालचा तो सगळा सौदा हा होता. त्या दिवशी कार्यक्रमात माझी बोटं दोनदा चुकली. तिने मागे वळून पाहिलं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. जीपमध्ये दोघंच होतो येताना, ड्रायव्हर सोडून. नाही सांगितलं. स्वतःला म्हटलं, आता सांगून काय होणार, अल्बम निघाला, ते गाव गप्प आहे, विषय मिटला. माणूस स्वतःशी बोलताना फार गोड बोलतो.

विषय मिटला नव्हता. पुढच्या मंडईच्या दिवसांत बोलावणी कमी झाली. कोणी तोंडावर बोलत नव्हतं, नुसतं 'यावर्षी जमलं नाई, बाई'. एका गावात ती रोवण्याचं गाणं म्हणायला उभी राहिली, आधी ते गाणं जिचं तिचं नाव घेतलं, आणि गर्दीतून एक बाई मोठ्याने म्हणाली, "नाव घेऊन घेऊनच चोरते वं ही!" लोक हसले. कोणी टाळीही दिली. बाईने गाणं पूर्ण केलं. मी तिच्या मानेवरची शीर पाहत वाजवत होतो. कार्यक्रम संपल्यावर ती मांडवामागे साडीचा पदर पुन्हा पुन्हा खोचत उभी होती, आणि मला म्हणाली, "भाऊ, मी काऊन चोर दिसते लोकाइले? माझं काय चुकलं, तुमी तरी सांगा."

"काही नाई चुकलं," मी म्हणालो.

"मंग कोण बोलते असं? कुठून निघालं हे?"

मी पेटीचा भाता बांधत होतो. त्याची कडी बसत नव्हती.

ती म्हणाली, "गायचं सोडून द्यावं वाटते." असं ती आधीही कधी कधी म्हणायची, सगळेच कलावंत म्हणतात. या वेळी तिने ते हळू म्हटलं.

त्यानंतर त्या जंगलातल्या गावाचा निरोप आला. बायांनीच गाण्याचा विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यायला लावला होता. निरोप घेऊन आलेली तीच अधेड बाई होती, बाजाराला नागभीडला आली होती. ती सांगत होती की गावच्या बाया त्या म्हाताऱ्याशी धड बोलत नाहीत. "मोह वेचायले संगं नेत नाई त्याच्या बायकोले. म्हणतात, तुह्या बुढ्यानं आमचं गाणं घरी बसवलं. सारीकडचं निघालं, आमचंच नाई. तो तरी काय करते, चूप बसते."

म्हणजे तिकडे तो चूप, इकडे मी. फरक एवढाच की तो माझ्यासाठी चूप होता.

सभेच्या दिवशी मी बाईबरोबर गेलो. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. गडचिरोली गेलं, धानोरा गेलं, मी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोललो. गोटुलमध्ये जागा घेतली तरी माझ्या तोंडून काही निघालं नव्हतं. गायत्याने विषय मांडला, म्हाताऱ्याकडे पाहिलं. सगळे पाहत होते. म्हातारा उठायला लागला, गुडघ्यावर हात ठेवून, आणि तेव्हा मी उठलो. बाहेरच्या माणसाने सभेत मध्येच उठू नये. कोणीतरी "बसा, भाऊ" म्हणालंही.

"त्याची ना त्याची नाई," मी म्हणालो. "ती माझी आहे."

मग सांगितलं. झाडाखाली काय विचारलं त्याने, मी काय उत्तर दिलं. गाणं बाईच्या नावाने होतं की नाही हे मला माहीत नव्हतं, मी तसंच बोललो. का बोललो, तर तिने माझ्या चाली घेतल्या नव्हत्या म्हणून. हे सांगताना इतकं लहान कारण वाटलं की एका म्हातारीने शेजारणीला गोंडीत विचारलं, हा काय म्हणतो, आणि शेजारणीने समजावल्यावर ती नुसतीच माझ्याकडे पाहत राहिली. बाई माझ्या उजवीकडे बसलेली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या बांगड्यांचा आवाज मात्र बंद झाला होता.

म्हातारा उभाच होता. मग म्हणाला, "मी तुमच्यावर भरोसा ठेवला, भाऊ. तिच्याच घरचा माणूस सांगते म्हटलं."

"हो जी."

"ठेकेदारानं बी असंच गोड सांगतलं होतं," तो म्हणाला आणि खाली बसला. ठेकेदाराच्या रांगेत मला बसवून तो मोकळा झाला, आणि मला त्याचा राग आला नाही.

गाण्याला मग फार वेळ लागला नाही. म्हाताऱ्याने "हो" म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं. फक्त एवढं ठरलं की गाणं चंद्रपूरच्या खोलीत न्यायचं नाही, इथेच, मोहाखाली, बाया बरोबर म्हणतील आणि बाई म्हणेल. पेटीचं कोणी काही बोललं नाही. त्या बोलण्यात पेटी नव्हतीच.

मग गायता म्हणाला, "अन् या माणसाचं काय करायचं?"

तिथे चुकीला दंड असतो, गावाला जेवण असतं, कधी नुसती माफी असते. एकाने म्हटलं जेवण द्या. एकाने म्हटलं, बाहेरचा आहे, जाऊ द्या. ती अधेड बाई म्हणाली, "आपलं जे झालं ते झालं. पण खरं नुकसान तर हिचं झालं ना. गावोगाव चोर झाली ती. तिले विचारा."

सगळे बाईकडे वळले. मीही, आता पहिल्यांदा. ती माझ्याकडे पाहत नव्हती. छपराच्या बांबूकडे पाहत होती.

"बाई, तुमचं काय म्हणणं? माफ करायचं का?"

बाहेर जीपचा ड्रायव्हर कोणाशी तरी हसत होता.

"मले आज नाई सांगता येत," ती म्हणाली.

सगळ्यांचं हो झालं नाही, म्हणून विषय पुढच्या सभेवर ठेवला. गायत्याने तो अगदी बैलाच्या विषयासारखा ठेवला, सहज, आणि तळ्याचं बोलणं सुरू झालं.

गाणं झालं, आठवं दुसऱ्यांचं गाणं. मोहाखाली बाया गायल्या तेव्हा मी लांब जीपजवळ उभा होतो. ते निघाल्यावर दुसऱ्या गावांची बोलणीही हळूहळू निवली, म्हाताऱ्याच्या बायकोला बाया मोहाला नेतात असं ऐकलं. बाईने मला कामावरून काढलं नाही. "पेटी वाजवता ना? मंग वाजवा," एवढंच एकदा म्हणाली. मी तिच्या डाव्या हाताला बसतो. चहा येतो तेव्हा ती माझा कप पुढे सरकवते, पूर्वी हातात द्यायची. भाऊ म्हणते. पण नवीन गाणं बसवताना आधी दोघातिघांना ऐकवते आणि मग मला.

मी दोनदा त्या गावच्या सभेला जाऊन बसलो. बांबूचं झालं, मोहाचं झालं, माझा विषय आला की गायता विचारतो, "बाईनं काही सांगतलं?" मी नाही म्हणतो. मागच्या वेळी तो म्हणाला, "आमी कसं ठरवू, भाऊ? तुमी रोज तिच्याजवळ बसता. तिले विचारून या."

मी अजून विचारलेलं नाही.